रडवणारं नको, खोटंही नको : कादंबरी निवडताना दरवेळी होणारा घोळ आणि त्यावरचे उपाय

अडचण अशी. वाचक येतो आणि म्हणतो, "काहीतरी चांगलं द्या. खऱ्या माणसांचं, पण मन खचवणारं नको." आपण आठवून आठवून स्वतःला आवडलेली कादंबरी काढून देतो. काही दिवसांनी ती परत येते, खूण मध्येच कुठेतरी अडकलेली. वाचक काही बोलत नाही, सरळ वर्तमानपत्रांच्या टेबलाकडे जातो. पुढच्या खेपेला पुन्हा तेच.

वेंगुर्ला तालुक्यातल्या आमच्या लहानशा वाचनालयात हा प्रकार जूनपासून वाढतो. मासेमारी बंद, होड्या वर ओढून झापांखाली, पाऊस लागलेला आणि लाईटचा भरवसा नाही. अशा वेळी घरोघर पुस्तकं निघतात. मागणी वाढते तशी तक्रारही वाढते.

आमच्याकडच्या एक काकू पुस्तक हातात घ्यायच्या आधीच विचारतात, "शेवटाक कोण मरता, ता आधी सांगा." लोक हसतात. माझ्या मते त्यांच्याइतका कामाचा प्रश्न दुसरं कुणी विचारत नाही. बाकीचे मूड सांगतात, त्या घटना विचारतात. खाली जे लिहिलंय तो याच प्रश्नाचा विस्तार आहे.

घोळ होतो कुठे

आधी कपाट बघा. बहुतेक वाचनालयांत पुस्तकं साहित्यप्रकार आणि लेखक यांच्या क्रमाने लागतात. दशांश पद्धत, म्हणजे विषयवार आकडे देऊन पुस्तकं लावायची पद्धत, वापरणाऱ्या वाचनालयात मराठी कथा-कादंबरीचा क्रमांक 891.463. त्या एका क्रमांकाखाली हसवणारं, घाबरवणारं, झोप उडवणारं सगळं आडनावाप्रमाणे शेजारीशेजारी उभं असतं. जयवंत दळवी आमच्या बाजूचे, आरवलीचे. 'सारे प्रवासी घडीचे'मधला गाव वाचून माणूस खूश होतो, "याच लेखकाचं आणखी द्या" म्हणतो, आणि शेजारचं 'चक्र' उचलतो. ते मुंबईतल्या झोपडपट्टीचं. लेखक तोच, कपाट तेच, पण पहिल्या पुस्तकाने दिलेला भरवसा दुसऱ्याला लागू पडत नाही. लेखकाच्या नावावर विसंबून निवड करणं हे फसण्याचं सगळ्यात सोपं कारण आहे.

दुसरं कारण मलपृष्ठावरचा मजकूर. तो विक्रीसाठी लिहिलेला असतो आणि मराठीत गंभीर पुस्तकाची विक्री दुःखाच्या बळावर होते अशी एक समजूत आहे. त्यामुळे ज्या पुस्तकात भरपूर हशा आहे त्याच्यावरही "अंतर्मुख करणारी" असं छापतात. तरी त्यातून थोडं कळतं. "दाहक", "विदारक", "सुन्न करणारी", "काळीज पिळवटणारी" यांपैकी एखादं विशेषण दिसलं तर समजावं की हिंसा, उपासमार किंवा मृत्यू आत सविस्तर आहे. "जिद्दीची कहाणी" दिसली तर मात्र दोनदा विचार करा. जिद्द दाखवायची म्हणजे आधी छळ दाखवावा लागतो आणि काही पुस्तकांत तीनशे पानं छळ आणि शेवटची दहा पानं जिद्द असा हिशेब निघतो. आनंद यादवांची 'झोंबी' (1987) हे त्याचं प्रामाणिक उदाहरण. मुलगा शिकतो, ही आशा खरी आहे, आणि पुस्तक मोठं आहे यात वाद नाही. पण तिथवर पोचेपर्यंत भूक आणि बापाचा मार इतका आहे की नुकतंच आजारपणातून उठलेल्या माणसाला मी ती देणार नाही. पुरस्कारांचं कपाट तर अशा वेळी टाळलेलंच बरं. 'बारोमास'सारखी शेतकऱ्याच्या कोंडीची कादंबरी तिथे हमखास भेटते.

तिसरं कारण आपली स्वतःची आठवण, आणि यावर कुणी फारसं बोलत नाही. आवडलेल्या पुस्तकाचा सूर लक्षात राहतो, घटना गळून जातात. 'कोसला' कुणालाही विचारा. "धमाल आहे, हॉस्टेल, मेस, गॅदरिंग." मधोमध पांडुरंगची धाकटी बहीण मनी मरते आणि ती पानं मराठीतल्या सगळ्यात जड पानांपैकी आहेत, हे सांगायचं राहून जातं. 'तोत्तोचान' लोक वाढदिवसाला भेट देतात. ती कादंबरी नव्हे, आठवणी आहेत, पण मागणी त्याच कपाटातली. आगगाडीच्या डब्यातली शाळा सगळ्यांना आठवते. पोलिओ झालेला वर्गमित्र वारतो आणि ती शाळा युद्धात बॉम्बहल्ल्यात जळते, हे देणाऱ्याला आठवतच नाही. घेणाऱ्याच्या घरात अपंग मूल असेल तर काय होईल, याचा विचार करा.

पहिला उपाय : काय नको ते नावानिशी सांगा

"हलकंफुलकं द्या" ही मागणी निरुपयोगी आहे. माझ्या हलक्यात मृत्यू बसतो, तुमच्या हलक्यात कदाचित बसत नाही. त्याऐवजी तीन गोष्टी सांगा: काय अजिबात नको, काय असलं तरी चालेल, आणि पुस्तकात काय असायला हवं. वाचनालयात तोंडी सांगा किंवा व्हॉट्सॲपवर वाचणाऱ्या मंडळींना असा निरोप टाका:

"मूल दगावणं, आत्महत्या, बलात्कार नको. म्हाताऱ्या माणसाचा मृत्यू, गरिबी, घरातली भांडणं चालतील. कामधंदा करणारी माणसं असावीत, शेवटी कुणीतरी एकमेकांशी बोलावं."

असा निरोप टाकला की उत्तरं वेगळीच येतात. "मग ते नको, त्यात विहीर आहे," असं कुणीतरी लगेच सांगतं. हीच माणसं एरवी तेच पुस्तक डोळे झाकून सुचवतात.

यादी प्रत्येकाची वेगळी असते आणि ती का, हे विचारू नये. आमच्या किनाऱ्यावर तर एक खास बाब आहे: बुडणं. समुद्र किंवा खाडी असलेल्या कादंबरीत लेखकाला शेवट सापडेनासा झाला की कुणाला तरी पाण्यात लोटतात. ज्यांच्या घरातला माणूस ट्रॉलरवर आहे किंवा मर्चंट नेव्हीत आहे, त्यांना ते पान ऑगस्टात वाचायचं नसतं. शहरातल्या वाचकाला ते काव्य वाटतं. "माका दर्याचा पुस्तक नको, दर्यो घरात आसा," असं एका वहिनींनी सांगितलं तेव्हापासून मी कोकणातली कादंबरी देताना पाणी आहे का, आणि ते काय करतं, हे आधी सांगते. गो. नी. दांडेकरांची 'शितू' खाडीच्या वर्णनासाठी कितीही आवडो, शेवट शोकाचा आहे, हे सांगूनच द्यायची.

प्राण्यांचंही तसंच. माणसांचे मृत्यू शांतपणे वाचणारे कितीतरी लोक कुत्र्याच्या मृत्यूवर पुस्तक मिटतात. यादीत ते लिहायला लाजू नका.

दुसरा उपाय : दुःख किती, यापेक्षा ते कुठे आहे ते विचारा

पुस्तक निवडताना मला हा प्रश्न सगळ्यात जास्त उपयोगी पडतो. सुरुवातीचं दुःख, मधलं दुःख आणि शेवटचं दुःख वाचकावर सारखा परिणाम करत नाही.

सुरुवातीला असेल तर पुढचं सगळं पुस्तक सावरण्याचं असतं. खांडेकरांची 'अमृतवेल' घ्या. खांडेकर 1920 ते 1938 शिरोड्याच्या शाळेत शिकवत होते, त्यामुळे आमच्याकडे त्यांना घरचं माणूस समजतात. नंदाचा ठरलेला नवरा अपघातात गेलेला आहे, हे सुरुवातीलाच कळतं. ती त्यातून कशी उभी राहते हा पुढचा विषय. भाषा आजच्या कानाला अलंकारिक लागते, आणि नुकतंच कुणी गेलेलं असेल तर पहिली पानं जड जातील. पण कोपऱ्यावर दबा धरून बसलेलं काही नाही.

मधलं दुःख सगळ्यात वाईट, कारण तोवर माणूस पुस्तकात शिरलेला असतो आणि बेसावध असतो. 'कोसला' त्यातलंच.

शेवटचं दुःख वेगळ्या तऱ्हेने टाळता येतं. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (1955) ही माणदेशातल्या धनगरवस्तीत आलेल्या तरुण मास्तराची गोष्ट. शाळा जमवणं, वस्तीचा विश्वास मिळवणं, यात इतका चांगुलपणा आहे की "खरं आणि आशादायी" म्हणणाऱ्याला ती हमखास सुचवली जाते. शेवटी दुष्काळ येतो, मेंढरं मरतात, वस्ती उठून जाते. तो शेवट त्या मुलखाला धरूनच आहे, लेखकाला दोष देता येत नाही. पण मनःस्थिती नाजूक असलेल्या वाचकाला मी सांगते: पाऊस गेला असं पुस्तकात आलं की थांबा, उरलेलं पुढच्या वर्षी वाचा. एक निवृत्त मास्तर यावर माझ्याशी भांडले, म्हणाले, ही लेखकाशी बेइमानी आहे. असेल. पुस्तक घरी नेणारा वाचक आहे, लेखक नव्हे.

श्री. ना. पेंडशांबद्दल दरवेळी विचारणा होते, म्हणून थोडं अधिक. 'गारंबीचा बापू' (1952) दापोलीकडच्या गावातली. गावाच्या नजरेतून उतरलेलं पोर मोठं होऊन कुणालाही न जुमानता उभं राहतं. लहानपणीचे टोमणे आणि मार सोसायची तयारी असेल तर ही चालते. बापू कधी बिचारा वाटत नाही, हे तिचं बळ. 'तुंबाडचे खोत' दोन खंडांची, जगबुडीच्या काठच्या घराण्याच्या पिढ्यांची. तिच्यात सगळंच आहे, खूनखराबाही. 2018 चा 'तुंबाड' सिनेमा बघून काही तरुण ती मागायला येतात. दोन्हींच्या कथेचा एकमेकांशी संबंध नाही. भूत शोधायला गेलात तर निराश व्हाल आणि भूत नको म्हणून टाळत असाल तर उगाच.

तिसरा उपाय : पुस्तक हातात असताना करायची तपासणी

आधी शेवटची दोन पानं वाचा. होय, शेवट फुटतो. पण ज्याला शेवटाचीच भीती आहे त्याच्यासाठी फुटलेला शेवट म्हणजे परवानगी असते, मग तो मधलं पुस्तक सावकाश वाचतो. शेवटच्या पानावर मुख्य माणसं काही करताना दिसतात का ते बघा: पेरताहेत, स्वयंपाक करताहेत, कुठेतरी निघाली आहेत, भांडताहेत. भांडणसुद्धा चांगलं लक्षण. नुसतं आभाळ, समुद्र आणि एकटी आकृती असेल तर सावध.

मग पुस्तकाच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास दहा-बारा पानं चाळा. वाचू नका, नजर फिरवा. तिरडी, सुतक, दहावा, पंचनामा, वॉर्ड, बायोप्सी असले शब्द लगेच डोळ्यात भरतात. एखादा दिसला तर त्याच्या आसपास किती पानं तेच चाललंय ते बघा. एका परिच्छेदात उरकलेला मृत्यू आणि चाळीस पानांचं आजारपण यांत पुष्कळ अंतर आहे.

ई-बुक असेल आणि मजकूर युनिकोडमध्ये असेल तर शोधाच्या चौकटीत "विहीर", "गळफास", "तिरडी" घालून पाहा. विभक्ती लागली की शब्दाचं रूप बदलतं, म्हणून "विहिरी" असंही शोधा. छापील पानांचे नुसते फोटो घेऊन केलेल्या पीडीएफमध्ये हे चालत नाही. फुकट मिळणारा नमुना पहिल्या पानांचा असतो. भाषा जमते का हे कळायला ठीक, धोका कळायला बिनकामाचा. ऑडिओबुकमध्ये चाळता येत नाही, तेव्हा शेवटचं प्रकरण आधी ऐका.

प्रस्तावना असेल तर ती हातासरशी पाहा. मोठ्या लेखकांच्या प्रस्तावनेत कथानक बऱ्याचदा आधीच सांगून टाकलेलं असतं. एरवी त्याचा राग येतो, इथे उपयोग होतो.

तरी जमत नसेल तर

एक शक्यता अशी की तुमची यादी बरोबर आहे, पण मिळालेलं पुस्तक गोडमिट्ट निघालं. कर्जात बुडालेल्या घराला अचानक अमेरिकेतला मामा पैसे पाठवतो, दारुडा नवरा एका कीर्तनात सुधारतो. असलं वाचून कुणाला धीर येत नाही, उलट चीड येते. वाचक तेव्हा म्हणतो, "आशादायी पुस्तकं मला जमतच नाहीत." जमतात. त्याला आशा हवी असते ती हप्ता भरून झाल्याची. कर्ज नाहीसं झाल्याची नाही. निवडताना बघा, अडचण सुटते ती पात्राने काही केल्यामुळे की लेखकाने केल्यामुळे.

दुसरी शक्यता: तुम्हाला मृत्यू चालतो, क्रूरपणा चालत नाही, आणि दोन्ही एकाच खान्यात टाकल्यामुळे चांगली पुस्तकं हातची जाताहेत. दांडेकरांच्याच 'माचीवरला बुधा'त म्हातारा बुधा मुंबई सोडून राजमाचीवर येऊन राहतो आणि शेवटी जातो. कुणी त्याला छळत नाही. "मरण नको" म्हणणाऱ्या कितीतरी लोकांनी हे पुस्तक पुन्हा मागून नेलंय. 'सारे प्रवासी घडीचे'मध्येही माणसं जातात, शीर्षकातच सांगितलंय, पण हसू थांबत नाही. उलट 'श्यामची आई' शाळेपासून ओळखीची म्हणून निर्धास्त घरी जाते आणि शेवटाकडे आईचं आजारपण आणि मृत्यू येतो तेव्हा ज्यांची आई दवाखान्यात आहे त्यांची पंचाईत होते. पालगडच्या त्या घराबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण अशा वेळी ते पुस्तक देऊ नये असं माझं ठाम मत.

तिसरी शक्यता मालिकेची. प्रकाश नारायण संतांचा लंपन हा आजी-आजोबांकडे वाढणारा मुलगा. 'वनवास' (1994) आणि 'शारदासंगीत' म्हणजे जोडलेल्या कथा, पण वाचताना कादंबरीसारखंच समाधान मिळतं. आई-वडिलांपासून दूर असण्याची हुरहूर आहे, बाकी खोडकरपणा, गाणं, शाळा. हे दोन संग्रह मी बिनधास्त देते. पण लोक चारही पुस्तकं एकदम नेतात आणि मालिकेत पुढे लंपनचे वडील जातात तिथे अडतात. पहिली दोन न्या, मग या, मग बोलू. अनुवादातही असंच एक उदाहरण आहे. शांता शेळक्यांनी अनुवादलेल्या 'चौघीजणी' या चार बहिणींच्या गोष्टीची मूळ कादंबरी ('लिटल विमेन') दोन भागांत आली, 1868 आणि 1869 मध्ये. पहिल्या भागात त्यांतली एक बहीण बेथ तापातून वाचते, दुसऱ्यात ती जाते. ज्याला तो धक्का नको त्याने बेथ बरी होऊन बाबा घरी परत येतात तिथे खूण घालून ठेवावी. तिथवरची गोष्ट आपल्यापुरती पुरी आहे.

कादंबरीच पेलत नसेल असेही दिवस असतात. तेव्हा दिवाळी अंकातली लघुकादंबरी बघा. एका बैठकीत शेवटापर्यंत चाळता येते, फसलात तरी रात्र जात नाही.

वाचनालय चालवणाऱ्यांसाठी

पुस्तकावर इशारा छापला तर काही वाचक चिडतात, शेवट फोडला म्हणून. न छापला तर बाकीचे फसतात. आम्ही तारखेच्या चिठ्ठीवर काही लिहीत नाही. टेबलाच्या खणात एक वही ठेवली आहे. विचारील त्याला दाखवायची, न विचारणाऱ्याला नाही. नोंद करताना अभिप्राय लिहायचा नाही, घटना आणि जागा लिहायची. "फार करुण" लिहिलं तर पुढच्याला काही कळत नाही. "मूल जातं, अर्ध्यानंतर, दहा पानं" लिहिलं की कळतं. नोंद पुस्तक परत येतं त्याच दिवशी लिहून घ्यायची. महिन्याभराने विचारलं तर वाचक "छान होतं" यापलीकडे काही सांगत नाही. आणि एकाच वाचकाच्या नोंदीवर विसंबायचं नाही. बायकांनी नोंदवलेला नवऱ्याचा मार पुरुष वाचकांच्या नोंदीत बऱ्याचदा नसतोच, असं वही चाळताना दिसतं. म्हणून प्रत्येक पुस्तकापुढे निदान दोन हस्ताक्षरं हवीत, त्यातलं एक बाईचं.